सिलिकॉनचे सहा गोळे आणि एक स्प्रिंग: प्रिन्सेस स्ट्रीटच्या मागच्या लेथवाल्या काकांचा रिव्ह्यू

आधी थेट सांगते काय घेतलं ते: वर्गात दाखवायला सिलिकॉनच्या एका रेणूचं लाकडी मॉडेल. 30 मिलिमीटरचे सहा लाकडी गोळे, 6 सेंटीमीटरच्या आठ काड्या (तीन एक्स्ट्रा फुकट दिल्या), एक बारीक स्प्रिंग, गोळ्यांना एकूण 24 भोकं, प्रत्येक भोक मी सांगितलेल्या कोनात. 1,850 रुपये पडले. आठ दिवस सांगितले होते, तेरा लागले. आणि तरीही मी पाचपैकी पाच स्टार देतेय, का ते सांगायला थोडं लांबण लागणार आहे, कारण ही वस्तू कशासाठी हवी होती ते कळल्याशिवाय काकांनी काय काम केलंय ते कळायचं नाही.

दुकानाचं नाव देत नाहीये. काकांनीच सांगितलं, मॅडम नाव टाकू नका, मी एकटा माणूस, भाचा अर्धा दिवस येतो, गर्दी झाली तर जुन्या लोकांची कामं राहतील. त्यामुळे ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी मला मेसेज करा, पत्ता देते. प्रिन्सेस स्ट्रीटच्या मागच्या बाजूला आहे एवढं सांगते, मरीन लाइन्सवरून चालत जाता येतं.

मी उपनगरातल्या एका कॉलेजात एम.एस्सी.ला इनऑर्गॅनिक शिकवते. यंदा पार्ट टूच्या मुलांना सिलिकॉनचं नवं रसायन शिकवायचं ठरवलं. सिलिकॉन म्हटलं की मुलांना चिप आठवते, सोलर पॅनल आठवतं, वाळू आठवते, पण सिलिकॉनचे छोटे छोटे रेणू, पाच-सहा-आठ अणूंचे गुच्छ, बाटलीत ठेवता येतात आणि त्यांच्यात काही अणूंवर बाहेरचा एकही गट (म्हणजे जोडलेला दुसरा तुकडा) नसतो, अगदी उघडे असतात, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलंच नसतं. यांना सिलिकॉनॉइड म्हणतात. नाव जर्मनीतल्या झारलँड विद्यापीठाच्या डेव्हिड शेश्केविट्झ यांच्या ग्रुपकडून आलं. उघडा अणू म्हणजे काय, तर सिलिकॉनला चार हात, पण चारही हात दुसऱ्या सिलिकॉनांकडेच गेलेले आणि तेही सगळे एकाच बाजूला. पृथ्वीच्या गोलावर चारही टाचण्या उत्तर गोलार्धातच टोचाव्यात आणि दक्षिण गोलार्ध पूर्ण रिकामा राहावा, तसं. सिलिकॉनच्या कोऱ्या पृष्ठभागावरच्या अणूंची अवस्था अशीच असते, खाली स्फटिक आणि वर काहीच नाही. सिलेन वायूपासून सिलिकॉनचा थर बसवताना मध्येच जे गुच्छ तयार होत असावेत त्यांचीही अशीच. ते क्षणभर असतात आणि जातात, हातात येत नाहीत. म्हणून तसलेच उघडे अणू असलेला, स्फटिक करून एक्स-रेनं बघता येईल असा टिकाऊ रेणू मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ते मला मुलांच्या हातात द्यायचं होतं.

खरा रेणू देता येत नाही हो. ही सगळी केमिस्ट्री हवा लागू न देता, आर्गॉनखाली, श्लेंक लाइन किंवा ग्लोव्हबॉक्स असल्या खास साधनांत करायची, आमच्याकडे दोन्ही नाही. मग राहिलं मॉडेल.

आता आधी ऑनलाइन घेतलेल्या किटबद्दल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खरं तर किट वाईट नाहीये, कार्बनसाठी उत्तम आहे, मिथेन करा, ग्लुकोज करा, सायक्लोहेक्झेनची खुर्ची करा, मस्त. पण त्यातला प्रत्येक चार भोकांचा गोळा 109.5 अंशाचा, म्हणजे भोकं सगळीकडे सारखी पसरलेली. सिलिकॉन म्हणून वेगळ्या रंगाचे गोळे दिलेत पण भोकं तीच! म्हणजे किट करणाऱ्यांच्या मते सिलिकॉन म्हणजे रंग बदललेला कार्बन. माझ्या एका विद्यार्थ्यानं जबरदस्तीनं काड्या वाकवून बसवायचा प्रयत्न केला, दोन काड्या भोकात मोडल्या, त्या अजून आत आहेत. वाकणाऱ्या नळ्या वापरून कसंबसं उभं केलं तर असं काही वेडंवाकडं झालं की उघडा अणू कुठला आणि बंद कुठला हेच दिसेना. मुलं म्हणाली, मॅडम स्क्रीनवरच दाखवा ना, फिरतं पण. दाखवलं. पण स्क्रीनवर पाठ दिसत नाही. म्हणजे दिसते, फिरवली की दिसते, पण रिकामी आहे हे जाणवत नाही, त्याला बोट लागावं लागतं.

तर असं करत करत एका जुन्या सरांनी सांगितलं की प्रिन्सेस स्ट्रीटच्या मागे एक जण टेस्ट ट्यूबचे स्टँड, ब्युरेटचे पाट, शाळांची लाकडी मॉडेलं करून देतो. शनिवारी गेले. अरुंद जिना, पहिल्या मजल्यावर एक खोली, अर्धी खोली लेथनं भरलेली, बाकी भुसा. काका जेवत होते, बसा म्हणाले, डबा संपेपर्यंत माझं ड्रॉइंग बघत राहिले.

मी ड्रॉइंग आणलं होतं ते सहा सिलिकॉनच्या रेणूचं, ज्याला बेंझपोलरीन म्हणतात. सहा सिलिकॉन आणि सहा मोठे सेंद्रिय गट. बेंझीनही सहा कार्बन आणि सहा हायड्रोजनच असतं, म्हणजे हिशोब तोच, पण कार्बन शहाण्यासारखा चपटं षटकोन करून बसतो आणि सिलिकॉनला ते आवडत नाही. सिलिकॉनला डबल बॉण्डच मुळात जड जातो. कित्येक वर्षं नियमच होता की खालच्या ओळींतले अणू टिकाऊ डबल बॉण्ड करत नाहीत, 1981 मध्ये रॉबर्ट वेस्ट यांच्या ग्रुपनं विस्कॉन्सिनमध्ये दोन सिलिकॉनांना मेसिटिल नावाच्या चार जाड सेंद्रिय गटांची छत्री देऊन पहिला टिकाऊ डबल बॉण्ड दाखवला तेव्हा तो नियम मोडला. ट्रिपल बॉण्डला तर 2004 उजाडलं, जपानमध्ये सेकिगुची यांच्याकडे, हिरवेगार स्फटिक. मग 2010 मध्ये शेश्केविट्झ लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात असताना त्यांच्या ग्रुपनं बेंझीनचा सिलिकॉनवाला एक भाऊ केला, षटकोन नव्हेच, तीन कड्यांचा, मधल्या चार सिलिकॉनांत सहा इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले, तरीही अॅरोमॅटिक, म्हणजे बेंझीनसारखाच वाटून घेतलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे स्थिर. त्यात दोन सिलिकॉनवर दोन-दोन गट, दोनांवर एक-एक आणि दोनांवर काहीच नाही. आणि पुढच्या वर्षी कळलं की तोच रेणू गरम केला की आतल्या आत फिरून दुसरा आकार घेतो, तो हा बेंझपोलरीन, सहा सिलिकॉन-सहा गट या हिशोबाच्या सगळ्या मांडण्यांमध्ये सगळ्यात कमी ऊर्जेची मांडणी. म्हणजे दरीचा तळ. मला मॉडेल याचंच हवं होतं.

हे सगळं काकांना नाही सांगितलं अर्थात, एवढंच म्हटलं की काका दोन गोळे असे पाहिजेत ज्यांची सगळी भोकं एकाच बाजूला.

काका हात धुऊन आले आणि म्हणाले, "सगळी एका बाजूला? मग मागची बाजू?"

म्हटलं, मोकळी.

"काहीच नाही लावायचं?"

काहीच नाही.

जरा वेळ गोळा हातात फिरवत राहिले आणि मग विचारलं, "भोकाचा कोन किती ते सांगा, मोकळी बाजू मी बघतो."

कोन मी काढून नेला होता, दहावीच्या त्रिकोणमितीनं निघतो. आकार असा आहे: दोन उघडे सिलिकॉन समोरासमोर, मध्ये साधारण 2.7 अँगस्ट्रॉमचं अंतर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), आणि त्या दोघांना पंख्याच्या तीन पात्यांसारखे तीन सिलिकॉन बाजूनं जोडलेले. नेहमीचा सिलिकॉन-सिलिकॉन बॉण्ड 2.35. म्हणजे 2.7 चं अर्धं 1.35, भागिले 2.35, त्याचा कोसाइन इन्व्हर्स जवळपास 55 अंश. मधल्या रेषेपासून प्रत्येक पातं 55 अंशांवर. चौथा हात त्या मधल्या रेषेवरच. सगळे 90 च्या आत, म्हणजे सगळे एका गोलार्धात. मी एक अँगस्ट्रॉमला 3 सेंटीमीटर धरलं होतं, त्यामुळे गोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या गोळ्याच्या मध्यापर्यंत साधारण 7 सेंटीमीटर.

मला वाटलं होतं काका कोनमापक लावून एकेक भोक पाडतील. त्यांनी जे केलं ते बघायला मी शनिवारची पूर्ण दुपार तिथे बसले आणि अजिबात कंटाळा आला नाही. गोळा लेथवर लावला, फिरता ठेवला, आणि आधी पेन्सिल टेकवून बरोबर मधोमध एक रेघ काढली, विषुववृत्तच. मग 55 अंशांवर दुसरी, लहान वर्तुळाची. लेथ थांबवला, कर्कट घेऊन त्या लहान वर्तुळाचे तीन सारखे भाग केले, तीन खुणा. टोकाला एक खूण, स्प्रिंगसाठी. आणि मला दाखवून म्हणाले, "या मधल्या रेघेच्या पलीकडे एकही भोक नाही, बरोबर ना?" बरोबर! मी वर्गात पंधरा मिनिटं घेते हे सांगायला. ती विषुववृत्ताची रेघ पुसू नका म्हणून मी सांगितलं, ती दोन्ही गोळ्यांवर अजून आहे, आणि आता वर्गात सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो.

बाकीच्या चार गोळ्यांचं काम सरळ होतं. त्यांच्यातले दोन पात्यांचे गोळे असे की दोन भोकं उघड्या अणूंकडे, एक सहाव्या गोळ्याकडे आणि एक गटासाठी. तिसऱ्या पात्याला दोन उघड्यांकडे आणि दोन गटांसाठी. सहावा गोळा त्या दोन पात्यांना वरून पूल बांधतो, त्यालाही दोन गट. सहा गोळे, प्रत्येकी चार भोकं, 24, आठ काड्यांची सोळा टोकं, स्प्रिंगची दोन, गटांची सहा. काकांनी स्वतः मोजून बिलाच्या मागे लिहिलं, हिशोब जुळला तेव्हा खूश झाले.

या जागांना केमिस्ट लोकांनी नावं दिलीत, उघड्या ती न्युडो, एक गटवाल्या ती लिगाटो, तिसरं पातं प्रायवो आणि लांबचा पूल रिमोट. मी ती नावं मराठीत बदलली नाहीत, मुलांना पेपर वाचायचेत.

रंगाचं मात्र काकांचं डोकं. मी म्हटलं होतं उघडे दोन लाल करा. ते म्हणाले उघडे म्हणता आणि रंग लावता? ते दोन तसेच ठेवू या, पॉलिशसुद्धा नको. आणि खरंच ते दोन गोळे कोऱ्या लाकडाचे आहेत, बाकीचे चार निळ्या एनॅमलचे. हाताला फरक कळतो. यापेक्षा चांगलं मला सुचलं नसतं.

आता स्प्रिंग. मी उघड्या दोघांमध्ये काडी नको म्हटलं, तर काकांनी विचारलं, "मग जोडलेत का नाही जोडलेत?" आता हा प्रश्न विचारणारे काका पहिले नाहीत, या विषयातल्या मोठमोठ्या लोकांनी याच प्रश्नावर पेपर लिहिलेत. 2010 मध्येच जर्मनीतल्या कार्ल्सरूहमध्ये ब्रेहर यांच्या ग्रुपनं पाच सिलिकॉनचं प्रोपेलेन केलं, दोन उघडे आणि तीन पाती, बस. त्यात उघड्या दोघांमधलं अंतर 2.64 भरलं. कार्बनचं तसंच प्रोपेलेन 1982 मध्ये वायबर्ग यांनी केलं होतं, तिथे मधलं अंतर साधारण 1.6, आणि नेहमीचा कार्बन-कार्बन 1.54, म्हणजे थोडंसंच ताणलेलं. सिलिकॉनमध्ये 2.35 चं 2.64 आणि आपल्या सहावाल्यात 2.7. हा बॉण्ड आहे, ताणलेला बॉण्ड आहे, की दोन एकटे इलेक्ट्रॉन एकमेकांची थोडी दखल घेताहेत? उत्तर एका शब्दात नाही. म्हणून काडी खोटी ठरली असती आणि मोकळं सोडणंही खोटं. स्प्रिंग बरोबर. "असंतृप्त" हा शब्द इथूनच येतो, डबल बॉण्ड न दिसताही रेणूची भूक शिल्लक आहे, आणि ती या दोन कोऱ्या गोळ्यांच्या आसपास आहे.

पण इथेच गडबड झाली. पहिल्यांदा मिळालं तेव्हा स्प्रिंग फार कडक होती. घरी आणून पूर्ण जोडलं, टेबलावर ठेवलं, सकाळी बघते तर स्प्रिंगनं दोन्ही उघडे गोळे आत ओढलेले, पात्यांच्या तीन काड्या भोकातून सैल. दुसऱ्या खेपेला गेले तर काका म्हणाले मॅडम तुम्ही सांगितलं नाही किती जोरात. खरंय, नव्हतं सांगितलं, पण विचारायला हवं होतं त्यांनीही. त्यात मूळ तारखेपेक्षा पाच दिवस उशीर आधीच झालेला, माझं लेक्चर एक आठवडा पुढे ढकलावं लागलं, आणि उशीर होणार असेल तर एक फोन करा एवढं साधं काम ते करत नाहीत, आपणच विचारायचं. एका निळ्या गोळ्याचा रंग ओला असताना पॅक केल्यामुळे त्याला वर्तमानपत्र चिकटलं होतं, अक्षरं उलटी उमटली होती. तो गोळा काकांनी मला समोर बसवून परत रंगवला, पैसे घेतले नाहीत. स्प्रिंग बदलून जुन्या कुठल्याशा मशीनची अगदी नाजूक लावली, ती आता बरोबर आहे, बोटानं दाबली की येते, सोडली की जाते, काड्यांना त्रास नाही.

आता वर्गात काय झालं ते, कारण वस्तूची खरी परीक्षा तिथे.

गटांसाठी मी लोकरीचे सहा गोंडे लावले, क्रॉफर्ड मार्केटजवळ पाकिटात मिळाले. खरे गट टिप म्हणून ओळखतात, बेंझीनच्या कड्यावर तीन आयसोप्रोपिल, चांगले जाडजूड, त्यांच्याशिवाय हे गुच्छ एकमेकांना चिकटून सरळ सिलिकॉनचा ढीग होऊन बसतील. गोंडे लावल्यावर एका मुलीनं पहिल्यांदा जे बघितलं ते मी स्क्रीनवर कधी दाखवू शकले नव्हते. तिनं मॉडेल हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाली की मॅडम एवढे सहा गोंडे आहेत तरी हे दोन कोरे गोळे मागून उघडेच राहतात, इथे कुणीही येऊ शकतं. आणि अंगठा तिथे ठेवला. पेन्सिलच्या रेघेच्या खालच्या बाजूला, बरोबर तिथेच.

मग एनएमआरचे आकडे घेतले, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक अणूचा सिग्नल कुठे येतो ते, पीपीएममध्ये. सिलिकॉन-29 निसर्गात फक्त 4.7 टक्के, सिग्नल मिळवायला वेळ लागतो, पण मिळाला की या रेणूत तो विलक्षण असतो. उघडे दोन जवळजवळ उणे 274 वर, आणि प्रायवोवाला अधिक 174 च्या आसपास. एकाच छोट्या रेणूत, शेजारी शेजारी बसलेल्या सिलिकॉनांमध्ये साडेचारशे पीपीएमचा फरक! मुलांना मी आधी आकडे फळ्यावर लिहून विचारलं कुठला कुणाचा, आणि मॉडेल फिरवायला दिलं. उघड्यांचा बहुतेकांनी बरोबर सांगितला. प्रायवोचा कुणीच नाही, सगळ्यांना वाटलं दोन गट असलेला अणू म्हणजे साधा सरळ अणू. तिथे थांबून बराच वेळ बोललो, मधल्या पिंजऱ्यात इलेक्ट्रॉन फिरताहेत, बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रात ते फिरणं एका बाजूला झाकतं आणि दुसऱ्या बाजूला उघडं पाडतं, म्हणून एकाला एवढं वर आणि दुसऱ्याला एवढं खाली. लाकडाचे गोळे हे दाखवू शकत नाहीत, मान्य. पण प्रश्न कुठल्या गोळ्याबद्दल चाललाय हे तरी सगळ्यांना एकदम दिसत होतं.

अजून एक फायदा जो मी ऑर्डर देताना विचारातच घेतला नव्हता. पुलाचा सहावा गोळा काढा, त्याचे दोन गोंडे मोकळे होतात, ते लिगाटोच्या रिकाम्या झालेल्या दोन भोकांत लावा, झालं, ब्रेहरवालं पाच सिलिकॉनचं प्रोपेलेन तयार, सहा गटांसकट (तिथे गट मेसिटिल आहेत, पण गोंड्याला काय). एकाच सेटमध्ये दोन रेणू. एका मुलानं वर्गातच करून दाखवलं, मी फक्त बघत होते. सहा सिलिकॉनचा सांगाडा लहान-मोठा करण्यावर 2012 मध्ये खरंच काम झालंय, अर्थात तिथे लिथियम, क्लोरीन असली मंडळी लागतात, नुसता गोळा उपटून होत नाही, ते मी स्पष्ट सांगितलं, नाहीतर मुलं परीक्षेत तसंच लिहितील.

तिसरी खेप घातली ती या महिन्यात. 2016 मध्ये शेश्केविट्झ यांच्या ग्रुपनं या रेणूवरचा एक टिप गट लिथियमनं काढला आणि त्या जागी ऋण भार आला, म्हणजे गुच्छाला एक मूठ मिळाली. ती जागा लिगाटो. मग त्या मुठीला सिलिकॉन क्लोराइड लावा, फॉस्फरस लावा, बोरॉन लावा, कार्बोनिलवाला गट लावा, आणि आतला उघडा पिंजरा तसाच राहतो. पुढे प्रायवो जागेवरही हे जमलं, म्हणजे कुठली मूठ हवी ते निवडता येतं. माझ्या मते या सगळ्या विषयातलं सगळ्यात सुंदर काम हे आहे, कारण त्याआधी हे रेणू नुसते बघण्याचे होते, आता ते कशाला तरी जोडता येतात, मोठ्या रचनेचा भाग होऊ शकतात. हे दाखवायला मला लिगाटो आणि प्रायवोच्या गोंड्याच्या भोकात बसणाऱ्या पितळी खुंट्या हव्या होत्या, वर वेगवेगळी टोपी बसेल अशा.

काकांनी विचारलं, "लोकर काढून तिथे काय लावायचं?"

म्हटलं, आधी काहीच नाही, नुसती खुंटी. मग जे पाहिजे ते.

"आणि ते दोन कोरे?"

ते कोरेच राहणार.

"मग ठीक आहे," म्हणाले, जणू काही तेवढंच पक्कं करायचं होतं. दोन खुंट्या, पाच टोप्या, 340 रुपये, चार दिवसांत दिल्या, आणि या वेळी फोनही केला.

बिलाचं: साधं हातानं लिहिलेलं बिल देतात, कॉलेजच्या ऑफिसला ते चालेना, टाइप केलेलं पाहिजे म्हणून परत पाठवलं, शेवटी भाच्यानं मोबाइलवर करून दिलं. ज्यांना संस्थेच्या पैशातून घ्यायचंय त्यांनी हे आधीच बोलून घ्या. पैसे यूपीआयनं घेतात.

किंमत जास्त आहे का? ऑनलाइन किट मला 700 ला पडलं होतं आणि त्यात शंभराच्या वर तुकडे होते. इथे 1,850 मध्ये सहा गोळे. पण मला हवा तो एक गोळा त्या शंभरात नव्हता. ज्यांना शाळेत मिथेन-इथेन शिकवायचंय त्यांनी किटच घ्या, काकांकडे जायची काहीच गरज नाही. ज्यांना बोरेनचे पिंजरे, धातूंचे क्लस्टर, झिंटल आयन (ऋण भार असलेले अणूंचे गुच्छ), असलं काही शिकवायचंय त्यांनी इथेच या. नऊ सिलिकॉनच्या झिंटल आयनाचं विचारलं मी, ऋण चार भारवाला, तिथे एकाही अणूवर गट नाही, नऊच्या नऊ कोरे. काकांनी कागदावर बघून पंधरा दिवस आणि साधारण 3,000 सांगितले. जूनमध्ये देणार आहे ऑर्डर.

जाताना फोटो नेऊ नका, फोटोवरून ते काम करत नाहीत. कागदावर ड्रॉइंग, प्रत्येक गोळ्याला नंबर, आणि कोन अंशांत लिहून न्या. गोळ्याचा व्यास आधी ठरवा कारण 30 पेक्षा लहान गोळ्यात जवळजवळची भोकं आत एकमेकांना भिडतात, माझ्या पहिल्या 25 च्या ड्रॉइंगमध्ये तेच होणार होतं, काकांनी पकडलं. दीड ते सव्वादोन जेवण, तेव्हा गेलात तर बसायला सांगतात. रविवारी बंद.

आणि जोडलेलं मॉडेल पिशवीत घालून संध्याकाळच्या लोकलला अजिबात चढू नका. वर्गात नेलं त्या पहिल्या दिवशी मी तेच केलं, दादरला जो लोंढा आत आला त्यात एक काडी गेली. एक्स्ट्राच्या तीनमधली एक तिथेच संपली. आता सुटे करून पोळीच्या डब्यात नेते, सहा गोळे बरोबर बसतात, स्प्रिंग वेगळ्या पुडीत.